गोधडीचा घास

एका राज्यात, जिथे वाऱ्यालासुद्धा वेशीवर थांबून आपले नाव सांगावे लागे, धरणीपाल नावाचा राजा राज्य करीत होता. राजा भला होता, प्रजा सुखी होती, आणि गुंजावती राणीला चिंध्यांचा नाद होता.

नाद तरी कसला! इतर राण्या मोती मागतात, ही चिंध्या मागे. दरबारी मंडळी रेशमी थैलीत मोहरा घालून नजराणा आणीत. राणी मोहरा कोठारात धाडी आणि थैली उसवून स्वतःकडे ठेवून घेई. धोब्याघरचे फाटके धोतर, माळिणीची विटलेली साडी, सेनापतीच्या पागोट्याचे उरलेले टोक, सगळे तिच्या पेटाऱ्यात येऊन पडे. दुपारची जेवणे उरकली की राणी गच्चीवर चटई पसरी, बोटात अंगुस्तान घाली आणि टाक्यामागून टाका घालीत बसे. त्यातून गोधड्या निघत. गोधड्यांतून उरलेल्या तुकड्यांचे कापडी हत्ती होत, कापडी पोपट होत, गुंजांच्या डोळ्यांच्या बाहुल्या होत. राज्यात कुणाच्याही घरी पाळणा हलला की राजवाड्यातून एक लहान गोधडी आणि एक खेळणे जाई. त्याचे मोल कुणी विचारले नाही, राणीने कुणाला सांगितले नाही.

प्रधान सुबंधू तेवढा कुरकुर करी. "राणीसाहेब, दरबारात आसनावर बसावं तर सुई टोचते."

"सापडली का?" राणी म्हणे. "सकाळपासून शोधते आहे. आणा इकडे."

त्या राज्यात गोधडीची एक रीत होती. शेवटची बाजू शिवून बंद करण्याआधी गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायचा, वर हळदकुंकवाची चिमूट सोडायची, मग टाका घालायचा. गोधडीचे पोट उपाशी राहू नये, असे बायका म्हणत. का, ते कुणी सांगत नसे. राणीची आई तर जेवता जेवताच तो तुकडा ठेवी. ताट घेऊन ती गोधडीशेजारीच बसे. लहानग्या गुंजावतीला वाटे, आईला हातातल्या कामावरून उठायचा कंटाळा. पुढे राणी झाल्यावर ती स्वतः मुदपाकखान्यातून कोरी भाकरी मागवी, तिचा नीट तुकडा करी आणि ठेवून देई. इतकी वर्षे काही बिघडले नव्हते.

एकदा राजा शिकारीला गेला आणि रानात वाट चुकला. चुकता चुकता एका ओसाड नगरीत शिरला. तिथे एक खजिना उघडा पडला होता, राखण करणारे कुणी दिसत नव्हते. हिरे होते, पाचू होते, सोन्याच्या राशी होत्या. राजाने कशाला हात लावला नाही. राशीवर एक जरीचा शेला पडला होता, तेवढा त्याने उचलला. मनाशी म्हणाला, माझ्या राणीला सोन्यापेक्षा कापडाचे कौतुक, हा तिला नेऊ. परत येताना आपण कुणाचे तरी न विचारता घेतले, हे त्याच्या मनातही आले नाही.

शेला पाहून राणी हरखली. अशी वीण तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिची मुलगी अबोली तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती. तिच्यासाठी राणीने त्या शेल्याची गोधडी करायला घेतली. आत मऊ जुनेर घातले, वर शेला, मध्ये रंगीत ठिगळे. तीन बाजू झाल्या, चौथी राहिली. दासीने भाकरीचा तुकडा आणून दिला. राणीने तो हातात घेतला आणि शेल्याकडे पाहिले.

"इतक्या नाजूक कापडात भाकरी?" ती म्हणाली. "मुंग्या लागतील. उंदीर कुरतडतील. राहू दे, एखाद्या वेळी नाही ठेवली तर काय होतंय?"

आणि तिने तसाच टाका घातला.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर कोवळे ऊन पडले होते. पोपटी परकर घातलेली अबोली नवी गोधडी ओढून जेवणानंतर आडवी झाली. थोड्या वेळाने राणी पाहते तर अबोली नाही. गोधडी पसरलेली आहे आणि तिच्या मधोमध एक नवे ठिगळ आहे. ठिगळात एक लहान मुलगी, पोपटी परकर, वर केलेला हात. मुलगी हलत नव्हती, पण तिच्या पायांतले पैंजण मात्र अधूनमधून वाजत होते.

"अबोली!" राणीने हाक मारली.

तेवढ्यात मनी मांजर ऊब पाहून गोधडीखाली शिरली. मांजराचे ठिगळ झाले. दाई हंसा मांजराचे शेपूट धरून ओढायला धावली. दाईचे ठिगळ झाले, कमरेवर हात ठेवलेले. राजा आला, त्याने सगळे पाहिले. "बाप असून मी पाहत उभा राहू?" असे म्हणून तो गोधडीत शिरला, आणि दाईशेजारी मुकुट घातलेले ठिगळ उमटले. दरबारच्या मांत्रिकाने दुरूनच मंत्र म्हटला. गोधडीने त्याची पगडी खाल्ली. मांत्रिक बोडक्या डोक्याने घरी गेला आणि आजारी आहे म्हणून सांगून बसला.

राणीने कात्री उचलली.

"उसवू नकोस!" कुणीतरी ओरडले.

गच्चीवर लिंबाची फांदी आली होती. तिच्यावर एक शिंपी पक्षी राही. पाने शिवून घरटे करणारा, राणीचा दोरा चोरणारा आणि वर तिच्या टाक्यांना नावे ठेवणारा. माणसासारखे बोले, आणि माणसापेक्षा जास्त बोले.

"टाका उसवलास तर त्यांचे धागे उसवतील," पक्षी म्हणाला. "गोधडी उपाशी आहे, राणी. तू तिला घास दिला नाहीस."

"भाकरी आणते. आत्ता आणते."

"तुझ्या घरची भाकरी तिला चालायची नाही. हा शेला धनगुप्त राजाचा. त्याने जन्मभर साठवलं आणि कुणाला कण दिला नाही. त्याच्या नगरीत धान्य आहे, ते कुणी दळलं नाही. पाणी आहे, ते कुणी प्यालं नाही. विस्तव आहे, त्यावर कुणी रांधलं नाही. मेल्यावर तो नाग होऊन खजिन्यावर बसला, आणि त्याची भूक त्याच्या कापडात उतरली. नेहमीसारखा तुकडा ठेवला असतास तर ती भूक झोपून राहिली असती. आता जागी झाली आहे. तिला त्याच नगरीतल्या धान्याची, त्याच पाण्याची, त्याच विस्तवावरची भाकरी लागेल."

राणीने ठिगळाकडे पाहिले. अबोलीच्या परकराचा पोपटी रंग किंचित फिका झाला होता.

"रंग पुरता उडाला की नुसतं कापड उरेल," पक्षी हळूच म्हणाला. एरवी तो हळू बोलत नसे.

"मला शस्त्र चालवता येत नाही," राणी म्हणाली.

"मग जे येतं ते घे."

राणीने पेटारा उघडला. एक कापडी हत्ती घेतला, एक बाहुली घेतली, एक पोपट घेतला. खांद्यावर आईची गोधडी टाकली. आईच्या लुगड्यांची, बाबांच्या उपरण्याची, जुनी होऊन सायीसारखी मऊ झालेली. प्रवासात राणी तिच्याशिवाय झोपत नसे. मग ती प्रधानाला म्हणाली, "गोधडीजवळ कुणाला येऊ देऊ नका. राज्य सांभाळा."

"राज्य सांभाळतो," प्रधान म्हणाला. "पण राणीसाहेब, लवकर या. पैंजण ऐकवत नाहीत." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्याने सुई शोधण्याचे निमित्त केले.

पक्षी पुढे, राणी मागे, अशी दोघे रान ओलांडून धनगुप्ताच्या नगरीत आली. तिथे धूर नव्हता, कुत्रे भुंकत नव्हते. झाडांना फळे लगडली होती, पण एकही खाली पडत नव्हते.

पहिले काम धान्याचे. कोठाराच्या दारात पाषाणाचा हत्ती उभा होता.

"कोण तू?" हत्तीने विचारले.

"गुंजावती. ओंजळभर जोंधळे हवेत."

"मिळणार नाहीत. कुणालाच मिळाले नाहीत."

"तुला तरी मिळाले का?"

"मी राखणदार. राखणदाराला कोण देतो?"

राणीने कापडी हत्ती काढला आणि त्याच्या पायाशी ठेवला. "हा तुला."

पाषाणाच्या हत्तीने मान खाली घातली. कितीतरी वेळ पाहत राहिला. सोंडेने त्याला उचलले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "मला?" त्याने विचारले. "राखायला?"

"खेळायला."

"याची सोंड जरा वाकडी आहे."

"घाईत शिवली होती."

"माझीही वाकडी आहे," हत्ती म्हणाला. घडवणाऱ्याने दगड वाचवला होता. मग तो बाजूला सरला. राणीने ओंजळभर जोंधळे घेतले. कोठारात एक जाते होते, त्याला कधी कुणाचा हात लागला नव्हता. हत्तीने सोंडेने खुंटा धरून राणीला पीठ दळून दिले. कापडी हत्ती त्याच्या पाठीवर बसला होता.

दुसरे काम पाण्याचे. नगरीच्या मधोमध तळे होते, आणि तळ्यात एक आसरा राहत होती. आसरा म्हणजे पाण्यातली बाई. इतर तळ्यांत त्या घोळक्याने राहतात. या तळ्यात धनगुप्ताने एकीच्यावर ठेवली नव्हती.

"पाणी मागायला आलीस तर बुडवीन," आसरा म्हणाली.

"आधी हे घे. मग बुडव."

आसरेने बाहुली हातात घेतली. बाहुलीला लाल गुंजांचे डोळे होते, धोब्याच्या धोतराचे अंग होते, सेनापतीच्या पागोट्याचे लुगडे होते. "ही कोण?"

"तुझ्यासोबत राहील."

"हिचं नाव काय?"

"तूच ठेव."

आसरेचा चेहरा बदलला. "मला कुणी कधी नाव ठेवायला सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि विचारात पडली. "कमळा ठेवू? नको, ते तर पाण्यातलं झालं. हिला जमिनीवरचं हवं. शेवंता?" राणीने तांब्या बुडवला. आसरेला भानच नव्हते. राणी निघाली तरी मागून नावे ऐकू येतच होती.

तिसरे काम विस्तवाचे. ते सगळ्यांत अवघड, कारण विस्तव खजिन्याच्या खोलीत होता. सोन्याच्या चुलीत, राखेच्या ढिगाखाली, एक निखारा जपून ठेवलेला. जळून संपेल म्हणून त्यावर कधी फुंकर घातली नव्हती. चुलीभोवती मोहरांची रास, आणि राशीवर वेटोळे घालून धनगुप्त नाग.

"चोराची बायको," नाग म्हणाला.

राणीने मान खाली घातली. "खरं आहे. न विचारता नेलं. त्याची क्षमा मागते. विस्तव दे, महाराज. माझी लेक तुझ्या शेल्यात अडकली आहे."

"बदल्यात?"

राणीने पोपट पुढे केला. नागाने त्याला हुंगले. "हा खाता येत नाही. मोहरांत मोजता येत नाही. याचं करायचं काय?"

"जवळ ठेवायचा."

"जवळ ठेवण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे." आणि तो शहारला. राणीने पाहिले, नाग थरथरत होता. थंड अंगाचा प्राणी, थंड सोन्यावर बसलेला. इतक्या काळात त्याला ऊब कुठून मिळणार? त्याची नजर राणीच्या खांद्यावर होती.

राणीच्या हातांनी गोधडी घट्ट धरली. त्या गोधडीत तिच्या आईचे दोन्ही हात होते. तिच्या कडेला अजून आईच्या ओव्यांचा, हळदीचा, उन्हाचा वास होता. आईचे दुसरे काही तिच्यापाशी उरले नव्हते. राणी रडली. नागासमोर रडायचे नाही असे तिने ठरवले होते, तरी रडली. मग तिने गोधडी काढली, झटकली आणि नागाच्या अंगावर घातली, कडा चारही बाजूंनी नीट खोचून, अबोलीच्या अंगाभोवती खोचायची तशी.

नाग डोक्यापर्यंत गोधडीत शिरला. पुष्कळ वेळाने गोधडीतून त्याचा आवाज आला. "घे विस्तव. इथेच भाज. पण ऐक. भाकरी अख्खी ने. कण कुणाला देऊ नकोस, स्वतःही खाऊ नकोस. दिलं की संपतं. तुकडा मोडलास तर तुझ्या बोटांतली कला जाईल, हा माझा शाप आहे."

राणीने राख सारली, फुंकर घातली, भाकरी थापली, भाजली. भाकरी टम्म फुगली. त्या नगरीतला तो पहिला खरपूस वास होता.

परतीची वाट लांब होती. राणी स्वतः उपाशी, पक्षी उपाशी. पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला. "राणी, एक कण दे. पंख उचलत नाही."

"नाही," राणी म्हणाली, आणि भाकरीचे फडके छातीशी घट्ट धरले.

पक्ष्याने तिच्याकडे पाहिले. जन्मात पहिल्यांदा तो गप्प झाला. राणीलाही स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. दारी आलेल्याला ती कधी नाही म्हणाली नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे पोपटी परकर होता, म्हणून ती चालत राहिली.

गच्चीवर पोचली तेव्हा परकराचा रंग पाण्यात कालवलेल्या हळदीइतका फिकट उरला होता. पैंजण फार थांबून थांबून वाजत होते. प्रधान लांब उभा होता, आणि दासी भिंतीला टेकून रडत होती. राणीने गोधडीच्या कोपऱ्याचे चार टाके सुईने हलकेच सैल केले, उसवले नाहीत, अख्खी भाकरी आत सारली, कोपरा मिटला आणि हात जोडले.

गोधडी हलली. एक घडी वर झाली, एक खाली गेली. आणि भाकरी बाहेर येऊन चटईवर पडली, जशीच्या तशी.

"अगं खा ना!" राणी ओरडली. "त्याच धान्याची आहे, त्याच पाण्याची, त्याच विस्तवावरची. कुणाला कण दिला नाही. मीसुद्धा खाल्ली नाही!"

हे बोलली आणि थांबली.

तिला आई दिसली. ताट घेऊन गोधडीशेजारी बसलेली. एक घास स्वतः खायची, एक घास मांडीशी बसलेल्या गुंजावतीला द्यायची, शेजारीण आली तर तिच्या हातावर चतकोर ठेवायची, आणि त्याच भाकरीतला शेवटचा तुकडा गोधडीच्या पोटात सरकवायची. कामावरून उठायचा कंटाळा नव्हता तो. गोधडीला पंगतीत बसवायचे होते. इतकी वर्षे राणी कोऱ्या भाकरीचा तुकडा करून ठेवत आली होती, आणि साध्या जुनेरांनी ते गोड मानून घेतले होते. भूक जागी झालेला हा शेला मानून घेणार नव्हता. सगळे अख्खे राखायचे आणि कुणाला कण द्यायचा नाही, हे त्याने धनगुप्ताच्या घरी जन्मभर पाहिले होते.

राणीने भाकरी उचलली. मग आपल्या बोटांकडे पाहिले. या बोटांनी किती पाळण्यांत ऊब धाडली होती! दुपारची चटई, ऊन, अंगुस्तान, टाक्यामागून टाका; याहून मोठे सुख तिला ठाऊक नव्हते. भीती वाटली. पैंजण वाजले, अगदी बारीक.

राणीने भाकरी मोडली.

पहिला तुकडा पक्ष्याला दिला. "माझं चुकलं," ती म्हणाली. दुसरा दासीला दिला, तिसरा प्रधानाला. "बसा," ती म्हणाली, "उभ्याने खाऊ नका." सगळे चटईवर गोधडीभोवती बसले. राणीने स्वतः घास खाल्ला, आणि शेवटचा तुकडा, दाताने थोडा तोडलेला, गोधडीच्या पोटात ठेवला. वर हळदकुंकवाची चिमूट सोडली. बोटे तोवर जड होऊ लागली होती. टाका घातला तो वाकडा पडला.

गोधडी तृप्त झाली. तिने एक मोठा सुस्कारा सोडला आणि अंग सैल केले. आधी पगडी बाहेर पडली. मग राजा आला, मुकुट तिरका झालेला. मग दाई हंसा, कमरेवर हात तसेच, "ते मांजर कुठं गेलं?" असे विचारत. मग मांजर. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग पोपटी परकर, लखलखीत पोपटी, आणि त्यात अबोली, डोळे चोळत.

"आई," अबोली म्हणाली, "भूक लागली."

राणीने तिला असे पोटाशी धरले की प्रधानाला शेवटी म्हणावे लागले, "राणीसाहेब, मुलीला श्वास घेऊ द्या."

शाप खोटा नव्हता. राणीची बोटे टाका विसरली. दोरा सुईत जाईना, गेला तर गाठ पडेना, पडली तर टाका नाकासमोर जाईना. काही दिवस तिने पेटाऱ्याकडे पाहिले नाही. मग एका दुपारी अबोलीच सुई घेऊन बसली. मुलीचे टाकेही वाकडे, आईचेही वाकडे. दोघी एकाच गोधडीच्या दोन टोकांनी शिवत आल्या आणि मध्यावर भेटल्या. पक्षी फांदीवरून म्हणाला, "असे टाके माझ्या अंड्यातल्या पिल्लानेही घातले नसते." राणी हसली, आणि तिच्या ध्यानात आले की ऊन तेच आहे, चटई तीच आहे, आणि सुख जागच्या जागी आहे.

ती गोधडी पुरी व्हायच्या बेतात असताना वेशीवर एक म्हातारा आला. अंगावर धड वस्त्र नव्हते, पण काखेत एक जुनी मऊ गोधडी होती, नीट घडी केलेली. त्याने वाऱ्यामागे रांगेत उभे राहून आपले नाव सांगितले, आणि पहारेकऱ्यांनी त्याला गच्चीवर आणले.

"मी धनगुप्त," तो राणीला म्हणाला. "एक विचारायला आलो. या गोधडीच्या पोटात काय घातलं होतं?"

"भाकरीचा तुकडा. माझ्या आईच्या ताटातला."

म्हाताऱ्याने गोधडीवरून हात फिरवला. "मला झोप लागली," तो म्हणाला. "कधी लागली नव्हती. जागा झालो तेव्हा हातपाय होते, आणि पोटात भूक होती. माझी स्वतःची, माणसाची. कोठाराकडे गेलो तर हत्ती म्हणाला, घे. तळ्यावर गेलो तर आसरा म्हणाली, पी, पण आवाज करू नकोस, शेवंता निजली आहे. आता गावोगावची माणसं धान्य न्यायला येतात. फळं खाली पडू लागली आहेत." त्याने गोधडी पुढे केली. "ही तुझी."

राजा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "शेला तुमचा. न विचारता नेला, चूक माझी."

"शेला पोरीलाच राहू दे. माझ्याकडे होता तेव्हा कुणाच्या अंगावर नव्हता."

राणीने आईची गोधडी घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. मग उलगडली आणि म्हाताऱ्याच्याच खांद्यावर घातली. "थंडी अजून सरली नाही," ती म्हणाली. "सरली की आणून द्या. नाहीतर पुढच्या थंडीनंतर."

धनगुप्ताचे ओठ हलले. "मग हे तरी परत घे. शाप मागे घेतो. तुझी बोटं तुला लाभोत. या क्षणी."

"थांबा!" राणी म्हणाली.

सगळे चकित झाले. राणीने मांडीवरची गोधडी सारखी केली. अर्धे टाके तिचे होते, अर्धे अबोलीचे, आणि कोणते कुणाचे हे खुद्द पक्ष्यालाही सांगता आले नसते.

"एवढी गोधडी अशीच पुरी होऊ द्या," ती म्हणाली. "मग द्या."

म्हणून धनगुप्त थांबला. थांबायचे तर रिकाम्या पोटी कसे, म्हणून ताटे आली. चटईवर सगळे बसले, राजा, प्रधान, दाई, मांजर, आणि ताटाच्या काठावर पक्षी. म्हाताऱ्याने भाकरी हातात घेतली. ती कशी मोडायची हे त्याला ठाऊक नव्हते. अबोलीने त्याच्या हातांवर हात ठेवून मोडून दाखवली. त्याने एक घास खाल्ला, एक पक्ष्याला दिला, एक अबोलीला दिला, आणि उरला तुकडा स्वतःच्या हाताने गोधडीच्या पोटात ठेवला. मग मायलेकींनी शेवटचा टाका घातला, वाकडा.

तेव्हापासून त्या राज्यात कुणी कोऱ्या भाकरीचा तुकडा गोधडीत ठेवीत नाही. आधी पंगत बसते. गोधडीला घास मिळाला, नागाला झोप मिळाली, राणीला लेक मिळाली आणि बोटेही. ज्याने ही कहाणी ऐकली त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढावे, आणि शेजारच्याचे पाय उघडे तर नाहीत ना, एवढे पाहावे.